डॉ. विल्यम कोली : एका अपवादाचा पाठलाग

कर्करोग उपचारावाचून आपोआप बरा होतो काय? प्राणिशास्त्राच्या वर्गात पेशीविभाजनाचे प्रकरण चालू असले की दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी हा प्रश्न मला विचारतोच. बहुधा त्याच्या घरी किंवा शेजारी कोणी वडीलधारे माणूस आजारी असते आणि कुठल्यातरी गावच्या म्हाताऱ्याची हकीगत त्याच्या कानांवर आलेली असते. डॉक्टरांनी आशा सोडली, घरी नेऊन ठेवा म्हणून सांगितले आणि तो म्हातारा पुढे दहा वर्षे खणखणीत जगला, अशी ती हकीगत असते. अशी गोष्ट खरी असू शकेल काय? एका शब्दात उत्तर द्यावयाचे तर होय, असू शकेल. परंतु या एका शब्दावर थांबणे फार धोक्याचे आहे. तो शब्द उच्चारल्यानंतर पुढे काय करावयाचे, हे शोधण्यात न्यूयॉर्कच्या एका शल्यविशारदाने आपल्या आयुष्याची पंचेचाळीस वर्षे घालविली. त्यांचे नाव डॉ. विल्यम ब्रॅडली कोली. त्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे असे मला फार दिवसांपासून वाटत होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

कोली यांचा जन्म १२ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात वेस्टपोर्ट येथे झाला. येल विद्यापीठातून १८८४ साली पदवी घेतल्यावर त्यांनी थेट वैद्यकाची वाट धरली नाही. पश्चिमेकडील ऑरेगॉन राज्यातील पोर्टलंड या गावी दोन वर्षे ते शिक्षक होते आणि लॅटिन व ग्रीक या अभिजात भाषा शिकवीत होते. नंतर हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊन १८८८ मध्ये ते डॉक्टर झाले. न्यूयॉर्क रुग्णालयात उमेदवारी पुरी करून १८९० साली त्यांनी स्वतंत्र व्यवसायास आरंभ केला. वय अठ्ठावीस, हातात कौशल्य, मनात आत्मविश्वास. शस्त्रक्रियेचा तो सुवर्णकाळ होता. भूल देण्याची विद्या आली होती, जंतुनाशनाचे तंत्र आले होते आणि चाकूला असाध्य असे काही राहणार नाही अशी तरुण शल्यविशारदांची समजूत होती.

ही समजूत एका मुलीने मोडून काढली. एलिझाबेथ डॅशिएल ही अवघी सतरा वर्षांची मुलगी १८९० च्या उन्हाळ्यात आगगाडीने लांबचा प्रवास करून आली होती. प्रवासात दोन आसनांच्या फटीत सापडून तिच्या उजव्या हाताला मार बसला. मार किरकोळ वाटला, पण सूज उतरेना आणि दुखणे थांबेना. त्या वर्षीच्या शरद ऋतूत ती कोलींकडे आली. प्रथम साधा संसर्ग असावा असे वाटले. पुढे निदान झाले ते सार्कोमाचे, म्हणजे हाडे, स्नायू यांसारख्या ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे. नोव्हेंबरमध्ये कोलींनी तिचा हात कोपराखाली कापला. त्या काळी याहून अधिक कोणालाच काही करता आले नसते. तरीही रोग सर्वांगभर पसरला आणि २३ जानेवारी १८९१ रोजी ती वारली.

ही मुलगी तेलसम्राट रॉकफेलर यांचा मुलगा धाकटे जॉन डी. रॉकफेलर यांची जिवलग मैत्रीण होती. तिच्या मृत्यूचा घाव त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे रॉकफेलर घराण्याने कर्करोगाच्या संशोधनाला जो उदार आश्रय दिला आणि न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयाला नव्या इमारतीसाठी जी जागा व देणगी दिली, तिच्या मुळाशी हे दुःख होते असे मानले जाते. डॉ. कोलींचे दुःख वेगळ्या वाटेने गेले. व्यवसायाच्या आरंभीच आलेला हा पराभव त्यांना सहन झाला नाही आणि ते न्यूयॉर्क रुग्णालयाच्या दप्तरखान्यात जाऊन बसले.

जुन्या नोंदवह्या उलगडून सार्कोमाच्या प्रत्येक रोग्याचे काय झाले ते त्यांनी वाचावयास सुरुवात केली. बहुतेक नोंदींचा शेवट एकच होता. त्यांत एक नोंद मात्र निराळी निघाली. स्टाइन नावाच्या एका जर्मन निर्वासिताच्या मानेवर सार्कोमाची गाठ होती. काही वर्षांत त्याच्यावर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, पण गाठ दर वेळी पुन्हा वाढे. शेवटच्या शस्त्रक्रियेची जखम भरेना आणि त्यातच रोग्याला धावरे झाले. धावरे म्हणजे आयुर्वेदात ज्याला विसर्प म्हणतात तो कातडीचा लालभडक, पसरत जाणारा, तीव्र ताप आणणारा संसर्ग. प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात रुग्णालयांतील वॉर्डांत तो सर्रास होई आणि कित्येकांचा बळी घेई. या रोग्याच्या बाबतीत मात्र तापाच्या प्रत्येक लाटेबरोबर गाठ लहान होत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. १८८५ साली तो बरा होऊन घरी गेला, एवढीच नोंद होती.

दुसरा कोणी असता तर ही नोंद मित्रमंडळींत सांगण्याजोगी एक नवलकथा म्हणून त्याने लक्षात ठेवली असती. कोलींनी तो माणूस शोधावयाचे ठरविले. न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील चाळवजा वस्त्यांत, जेथे युरोपातून आलेले गरीब निर्वासित दाटीवाटीने राहत, तेथे ते जिने चढत आणि दारे ठोठावीत हिंडले. अखेर तो सापडला. घरी गेल्याला वर्षे लोटली होती, पण मानेवर मोठा व्रण होता आणि रोगाचा मागमूस नव्हता. मला या चरित्रातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कागदावरचा अपवाद आणि डोळ्यांनी पाहिलेला, हातांनी तपासलेला अपवाद यांत फार अंतर आहे. विज्ञानाची सुरुवात पुष्कळदा हे अंतर पायी चालून जाण्यानेच होते.

मग त्यांनी वैद्यकीय वाङ्मय धुंडाळले. संसर्गानंतर गाठी विरघळल्याची निरीक्षणे पूर्वीही झाली होती. जर्मनीत विल्हेल्म बुश यांनी १८६८ च्या सुमारास असे प्रकार नोंदविले होते, आणि धावऱ्याचा जंतू ओळखणारे फेलाइझेन यांनी कर्करोग्यांना तो मुद्दाम टोचूनही पाहिला होता. कोलींनी हाच मार्ग पुढे नेण्याचे ठरविले.

मे १८९१ मध्ये त्यांना पहिला रोगी मिळाला. झोला या नावाचा तो इटालियन गृहस्थ होता. मानेत व घशात गाठी होत्या, अन्न गिळता येत नव्हते, बोलणे जेमतेम उमटत होते आणि आयुष्य आठवड्यांत मोजावयाचे होते. कोलींनी त्याला जिवंत जंतू टोचले. कित्येक महिने ते टोचीत राहिले. थोडा ताप येई, गाठ थोडी आकसे, पुन्हा वाढे. शेवटी ऑक्टोबरमध्ये बर्लिनहून, रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेतून, अधिक जहाल जंतूंचे संवर्धन मिळाले. ते टोचल्यावर थोड्याच वेळात रोग्याला थंडी वाजून भयंकर ताप भरला. तो तापानेच जातो की काय असे वाटू लागले. पण दुसऱ्या दिवसापासून मानेवरची गाठ फुटून वाहू लागली आणि दोन आठवड्यांत दिसेनाशी झाली. झोला पुढे सुमारे आठ वर्षे जगला. तेव्हा रोग परत उद्भवला आणि त्यातच त्याचा अंत झाला.

या यशाने कोली हुरळून गेले असतील, पण आकडे लपविण्याचा मोह त्यांना झाला नाही. दहा रोग्यांचा वृत्तांत त्यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. जिवंत जंतू हे दुधारी शस्त्र होते. कोणाला धावरे मुळीच होईना, तर कोणाला इतके जोराचे झाले की दोन रोगी त्यानेच दगावले. तेव्हा कोलींनी उपाय बदलला. उष्णतेने मारलेल्या जंतूंचा उपयोग करावयाचा, आणि धावऱ्याच्या जंतूबरोबर प्रॉडिजिओसस या दुसऱ्या जंतूचे मिश्रण करावयाचे, असे त्यांनी ठरविले. हेच मिश्रण पुढे कोलींचे विष या नावाने प्रसिद्ध झाले. अल्प मात्रेने सुरुवात करून ताप चढेपर्यंत मात्रा वाढवीत न्यावयाची, अशी त्यांची रीत होती. जानेवारी १८९३ मध्ये पोटात मोठा सार्कोमा असलेल्या, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या एका मुलाला त्यांनी हे मिश्रण टोचले. काही महिन्यांत गाठ विरली. तो मुलगा मोठा झाला आणि सव्वीस वर्षांनी, १९१९ साली, हृदयविकाराने वारला.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते ते सांगण्याजोगे आहे. मुंबईत १८९७ च्या आरंभी वाल्डेमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेल्या जंतूंपासून प्लेगची लस तयार करून प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि पुढील वर्षी आपल्या जवळच्या हुबळीस ती हजारो लोकांना टोचली गेली. मेलेला जंतूही शरीराला काही शिकवून जातो, हा विचार त्या काळच्या हवेतच होता. हाफकिन यांची लस रोग टाळण्यासाठी होती. झालेला रोग शरीराकडूनच हटवावा, अशी कोलींची उमेद होती.

पार्क-डेव्हिस या औषधी कंपनीने १८९९ पासून कोलींचे मिश्रण विक्रीस आणले. अमेरिकेत आणि युरोपातही काही डॉक्टरांनी ते वापरले. पण वैद्यकातील धुरीणांचा विश्वास काही बसला नाही, आणि या अविश्वासाला कारणे होती. ती नीट समजून घेतली पाहिजेत; नाहीतर एकाकी प्रतिभावंत आणि त्याला छळणारे मत्सरी लोक असे स्वस्त चित्र आपण रंगवू.

पहिले कारण असे की हे मिश्रण कधीच एकसारखे नव्हते. त्याच्या कृती वेळोवेळी बदलल्या आणि निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेल्या मिश्रणांची ताकद कमीअधिक होती. एका डॉक्टरला आलेला अनुभव दुसऱ्याला येत नसे. दुसरे कारण, कोणी ते गाठीत टोची, कोणी स्नायूत, कोणी शिरेत. मात्रा आणि मुदत यांचाही मेळ नव्हता. तिसरे, काही रोग्यांवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचारही झालेले असत, तेव्हा गुण कशाने आला हे सांगता येईना. चौथे, बऱ्या झालेल्यांपैकी काहींना मुळात कर्करोग होता की नाही, याविषयीच टीकाकारांनी शंका घेतली. आणि सर्वांत मोठी अडचण ही की गुण का येतो, याचे समाधानकारक उत्तर खुद्द कोलींजवळ नव्हते. रोगप्रतिकारशास्त्र त्या वेळी बाल्यावस्थेत होते. कोली समजत होते की जंतूंचे विष गाठीला मारते. गाठीला मारणारे विष जंतूंचे नसून ते शरीराने स्वतःच तयार केलेले असते, हे कळावयास अजून पुष्कळ काळ जावयाचा होता.

त्यातच स्पर्धक आला. रॉन्टजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि १८९८ मध्ये क्यूरी दांपत्याने रेडियम. किरण मोजता येत, त्यांची मात्रा ठरविता येई, आणि गाठ डोळ्यांदेखत लहान होई. कोली स्वतः ज्या मेमोरियल रुग्णालयात अस्थिगाठींच्या विभागाचे प्रमुख होते, तेथेच सुप्रसिद्ध विकृतिशास्त्रज्ञ डॉ. जेम्स यूइंग हे किरणोपचारांचे कट्टर पुरस्कर्ते होते. एका छताखाली वर्षानुवर्षे हा वाद धुमसत राहिला. गंमत अशी की कोलींनी क्ष-किरणही वापरून पाहिले होते. किरणांनी विरलेली गाठ फार वेळा परत येते, हा त्यांचा आक्षेप होता.

या वादामुळे कोली उपेक्षेत खितपत पडले असे मात्र कोणी समजू नये. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा अधिकार सर्वमान्य होता. अंतर्गळ आणि अपंगत्व यांवर उपचार करणाऱ्या न्यूयॉर्कच्या विशेष रुग्णालयाचे ते प्रमुख शल्यविशारद झाले. १६ एप्रिल १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. प्रतिष्ठा लाभली, पण ज्या एका गोष्टीसाठी आयुष्य वेचले ती जगाने मान्य केलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

त्यांच्या मृत्यूनंतर कन्या हेलन कोली नॉट्स यांनी वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून त्यांची कागदपत्रे उघडली. त्यांचे वैद्यकीय शिक्षण मुळीच झालेले नव्हते. पण हजारो पत्रे आणि टिपणे वाचता वाचता चरित्राचे काम मागे पडले आणि त्या रोग्यांच्या नोंदी जमविण्यास बसल्या. वडिलांनी एका माणसाला शोधण्यासाठी जिने चढले होते. मुलीने सुमारे एक हजार रोग्यांची हकीगत, कोणते मिश्रण, किती दिवस, पुढे काय झाले, अशी वर्गवारी लावून उभी केली. १९५३ मध्ये त्यांनी कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली आणि २००१ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते कार्य वाढतच गेले. वैद्यकीय जगाचा रोष मात्र एकदम मावळला नाही. १९६५ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने कोलींचे मिश्रण सिद्ध न झालेल्या उपचारांच्या यादीत घातले, आणि १९७५ मध्ये ते त्या यादीतून काढले.

त्याच १९७५ साली डॉ. लॉइड ओल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांत असे दाखवून दिले की जंतूंच्या उत्तेजनाने शरीर स्वतःच एक प्रथिन तयार करते आणि ते गाठीतील पेशींचा नाश घडवून आणते. पुढच्याच वर्षी कॅनडातील डॉ. आल्व्हारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी या क्षयप्रतिबंधक लशीचा उपयोग प्रसिद्ध केला. आज तो उपचार जगभर रूढ आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर ज्या लशीचा व्रण आहे, तीच ही लस. पुढे २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळाले. आपल्या संरक्षक पेशींना कर्करोग लगाम घालून ठेवतो आणि तो लगाम सोडविता येतो, हे त्यांच्या संशोधनाचे सार. कोलींचे मिश्रण आज रूढ उपचार नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आता वैद्यकाच्या मध्यभागी येऊन बसला आहे.

आता वर्गातल्या त्या प्रश्नाकडे, वृद्ध रोग्यांकडे वळू. १९६६ साली एव्हर्सन आणि कोल या दोन शल्यविशारदांनी उपचारावाचून, किंवा पुरेशा उपचारावाचून, कर्करोग मागे हटल्याची उदाहरणे जगभरच्या वाङ्मयातून कसून तपासली. १९०० सालापासूनची, कसोटीस उतरलेली उदाहरणे भरली फक्त १७६. साठ हजार ते एक लाख रोग्यांमागे एक, असा अंदाज नेहमी सांगितला जातो. मूत्रपिंडाचा कर्करोग, त्वचेचा मेलानोमा आणि तान्ह्या मुलांतील एक विशिष्ट गाठ यांत हा प्रकार त्यातल्या त्यात अधिक दिसतो. उतारवयात शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. तरीही मर्केल पेशींच्या, मुख्यतः वृद्धांना होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगात, तपासणीसाठी लहानसा तुकडा काढल्यावर उरलेली गाठ आपोआप विरल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. १९६८ मध्ये डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग हे तरुण डॉक्टर असताना त्यांच्याकडे ६३ वर्षांचा एक निवृत्त सैनिक पित्ताशयाच्या दुखण्यासाठी आला. बारा वर्षांपूर्वी त्याच्या जठराचा कर्करोग यकृतात पसरलेला असल्याने डॉक्टरांनी यकृतातील रोग तसाच सोडून दिला होता. रोझेनबर्ग यांनी पोट उघडले तेव्हा यकृतात काहीही नव्हते. त्या एका वृद्धाच्या शरीराने काय केले असेल, या विचाराने ते आयुष्यभर प्रतिकारोपचारांच्या संशोधनात राहिले. कोलींना जशी ती नोंदवही, तसा त्यांना हा सैनिक.

परंतु त्या एकाच्या मागे उरलेल्या हजारोंचे काय? माझ्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक होते, वय सत्तरीच्या पुढे. घशात गाठ निघाली. निदान वेळेवर झाले, शस्त्रक्रिया सुचविली गेली. त्याच आठवड्यात भेटीस आलेल्या कोणीतरी आपोआप बऱ्या झालेल्या एका रोग्याची गोष्ट सांगितली. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. या वयात चाकू कशाला, असे घरच्यांना आणि त्यांना स्वतःलाही वाटू लागले. पथ्य आणि काढे यांत आठ महिने गेले. नंतर ते रुग्णालयात गेले तेव्हा शस्त्रक्रिया करण्याजोगे काही उरले नव्हते. ती गोष्ट खोटी होती असे मी म्हणत नाही. खरी गोष्टही माणसाचा घात करू शकते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

अपवाद ऐकल्यावर माणसे बहुधा दोनच गोष्टी करतात. काही त्यावर भाबडा विश्वास ठेवून त्याच्या भरवशावर बसतात. काही हसून तो उडवून लावतात. कोलींच्या काळी रुग्णालयातील कित्येकांनी ती नोंद पाहिली असेल आणि नियमात बसत नाही म्हणून पान उलटले असेल. कोलींनी पान उलटले नाही आणि केवळ नवलही केले नाही. त्यांनी माणूस शोधला, प्रयोग केला, मृत्यूसुद्धा नोंदविले, आणि उपाय घातक ठरताच तो बदलला. त्यांच्यात उणीव होती ती काटेकोर मोजमापाची, आणि त्या उणिवेची किंमत त्यांच्या कल्पनेला अर्धे शतक मोजावी लागली.

म्हणून वर्गात तो प्रश्न आला की मी दोन्ही गोष्टी सांगतो. कर्करोग क्वचित आपोआप हटतो, हे खरे आहे, आणि त्याचे कारण शोधण्याचे काम तुमच्यासारख्यांनी पुढे चालवावयाचे आहे. पण घरात आजोबा किंवा आजी आजारी असतील, तर ते काम प्रयोगशाळेवर सोपवा, आणि त्यांना उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा.